उन्हाळ्याचं पाणी

चंद्रपुरात पाऊस गेल्याची बातमी मला पेपरवाला देत नाही, दोरीवरची चादर देते. पावसाळाभर कपडे वाळत नाहीत म्हणून मी कुरकुरत असते. मग एका दुपारी गच्चीवर जावं, चादर कडक वाळलेली असावी, आणि घडी घालताना बोटांना काळी भुकटी लागावी. कोळशाची. पाऊस असतो तोवर ती खाली बसते, नालीतून वाहून जाते. पाऊस गेला की परत येते. शेजारपाजारचे म्हणतात, चला, मोकळं ऊन पडलं एकदाचं. माझी काळजी मात्र त्याच दिवशी सुरू होते.

कारण तेव्हा धान, म्हणजे भात, पोटरीत असतो, लोंबी अजून पानाच्या आत दडलेली. पोटरीतल्या धानाला एक शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं तर लोंबी भरते, नाही तर हाती येतं ते फोल. हे मला कुणी शिकवलं नाही. चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी सून म्हणून गेले आणि ते अंगात मुरत गेलं. गाव सोडून आता बरीच वर्षं झाली. ह्यांना चंद्रपुरात नोकरी लागली, इथेच ते निवृत्त झाले. आमच्या हिश्शाची जमीन धाकटे दीर वसंतभाऊजी वाहतात. तरी चादर काळी झाली की मी कॅलेंडर काढून नक्षत्राचं वाहन पाहते. ही सासऱ्यांची सवय. वाहन बेडूक किंवा म्हैस असलं तर ते चहा मागायचे आणि मेंढा असलं तर काही न बोलता गोठ्याकडे जायचे.

यंदा चादर फार लवकर काळी झाली. हस्तानं नुसती हुलकावणी दिली, चित्रा तर निळंभोर आभाळ घेऊनच आली. मी सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे पाहते. "तुह्या काळजीले काही सीझन नाई," हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणतात. "उन्हाळ्यात पाणी नाई म्हणून, पावसाळ्यात पाणी वाहून चाललं म्हणून." खोटं नाही ते. वरच्या मजल्यावरच्या शबानाभाभींची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की मी जिन्याकडे धावते. त्या ब्लाऊज शिवतात. मशिनीच्या आवाजात त्यांना टाकीचा आवाज जात नाही. मग मी जिन्यातून हाक मारते, "भाभी, टाकी!" आणि त्या मशीन न थांबवता म्हणतात, "हाँ दीदी, बस, करती हूँ बंद." त्या बंद करेपर्यंत मी जिन्यातच उभी असते. पाणी वाहून जाण्याचा आवाज मला बसून ऐकवत नाही.

आज सकाळी प्रणिताचा फोन आला. प्रणिता म्हणजे वसंतभाऊजींची सून. बारावी झालेली, हसरी, मला रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारी. आज आवाज वेगळाच होता. "काकू, वरची सगळी बुचं उघडी पडली. खालचंच राह्यलं. अन् आज तुडमावर माह्यी बारी आहे. सगळे म्हणून राह्यले का काढू दे म्हणून. तुम्ही सांगा न, हो म्हणू का नाई?"

हाच प्रश्न मी एकदा ऐकला होता, तलावाच्या त्याच पाळीवर, म्हणजे बांधावर, तिच्याच वयाची असताना.

आमच्या गावचा तलाव मालगुजारीच्या काळातला. त्याच्या पाळीतून शेताकडे पाणी सोडायची जी दगडी सोय आहे तिला तुडूम म्हणतात. पाण्यात पायरीपायरीनं उतरत गेलेली भोकं, प्रत्येक भोकात चिंध्या गुंडाळून ठोकलेलं लाकडी बुच. तलाव भरलेला असला की वरचं बुच काढायचं. पाणी तिथवर उतरलं की खालचं. असं करत शेवटी सगळ्यात तळाचं एक बुच उरतं. ते काढायचं नसतं. गाळ उपसायचा असेल, पाळ दुरुस्त करायची असेल, तेव्हाच ते निघतं, कारण ते निघालं की तलाव रिकामा. त्या बुचानं अडवून धरलेल्या पाण्याला आमच्याकडे उन्हाळ्याचं पाणी म्हणतात. वरचं पाणी धानाचं, तळचं उन्हाळ्याचं. ढोरांचं, विहिरींच्या झऱ्यांचं, मासोळीच्या बियाण्याचं आणि जंगलातून जे जे तहानेलं येईल त्याचं.

शेवटच्या पाण्याच्या दिवसांत तुडमावर राखण बसते. दर दिवशी एका घराची बारी, आणि बसायचं एकट्यानंच. मी नवी असताना सासऱ्यांना विचारलं होतं, दोघं का नाहीत? ते म्हणाले, "दोघं बसले का गोष्टी करते. गोष्टी केल्या का सौदा होते. एकटा मानूस सौदा कोणासंग करन?" दिवस उगवल्यापासून ढोरं परतेपर्यंत तिथे बसलेल्याच्या मनाविरुद्ध एकही बुच हलत नाही. मग तो गावचा सरपंच असो की कुणाची सून. अंधार पडायच्या आत बुच ठोकून राखणदार घरी येतो. रात्रीची राखण वाघाकडे. तो पाण्यावर येतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं रात्री पाणी चोरायला जाण्याची हिंमत अजून तरी कुणी केलेली नाही.

त्या वर्षी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, झाली आणि हे हिवतापानं पडले. ताप उतरायचा, दोन घास जेवायचे, पुन्हा हुडहुडी भरायची. सासऱ्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलेलं. वसंतभाऊजी तेव्हा गडचिरोलीला शिकायला होते. बारी आली तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तू जाय. बसाचंच असते फक्त." एकटी बाई पाळीवर दिवसभर बसणार म्हटल्यावर मला रडू आलं. वाघाची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती एकटं बसण्याची होती.

माहेरी आम्ही पाच बहिणी एका चटईवर झोपायचो. सासरी घर भरलेलं. स्वयंपाकाला जावा-नणंदा, नाल्यावर धुणं धुवायला शेजारणी, रोवणीला बायांची रांग, कडेवर लेक. एकटेपण म्हणजे न्हाणीघर, तेही बाहेरून कुणी तरी दार वाजवेपर्यंत. बाई एकटी बसलेली दिसली तर ती एक तर रुसलेली असायची नाही तर बिमार. तिसरं कारण कुणाला सुचत नसे. पहिल्या दिवशी पाळीवरून जाणाऱ्या प्रत्येकानं मला विचारलं, "काऊन व, इथी एकटीच? घरी कोणी बोललं का?" मी प्रत्येकाला सांगत होते, बारी आहे, बारी आहे.

दुपारपर्यंत रस्ता सुना झाला. मोहाच्या झाडाखाली बसून मी भाकर आणि जवसाची चटणी खाल्ली, आणि मग करण्यासारखं काही उरलंच नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या डोक्यात किती बडबड चालते. सासूबाई काय म्हणाल्या, मी काय म्हणायला हवं होतं, लेकीनं दूध प्यायलं असेल का, ह्यांचा ताप मेंदूत गेला तर काय. बाजार भरल्यासारखा नुसता गलका. मला वाटलं होतं, एकटं बसलं की शांत वाटेल. उलट इतका गोंगाट मी आमच्या घरातही कधी ऐकला नव्हता.

पण बाजारसुद्धा दुपारनंतर उठतोच. दुसऱ्या, तिसऱ्या बारीला मला कळायला लागलं की थोडा धीर धरला तर डोक्यातले दुकानदार एकेक करून पथारी आवरतात. मग पाण्याचा आवाज यायचा. तुडमाच्या भोकातून नहरेत पडणारं पाणी, एकसारखं, मध्येच एखादं पान अडकलं की घोगरं होणारं. कमळाची पानं कडेनं कुजायला लागलेली, त्यांचा गोडसर, चिखलाचा वास. हळदीकुंकू बदकांची जोडी मला दगड समजून अगदी जवळून जायची. टिटवी मात्र मला दगड समजायला शेवटपर्यंत तयार झाली नाही. ती दिवसभर माझ्या नावानं शंख करत राहायची.

मला ते आवडायला लागलं होतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घरी नवरा तापानं फणफणतोय आणि बाई म्हणते, मला पाळीवर बरं वाटतं! बारीच्या आदल्या रात्री मी उगाच तोंड पाडून भाकरी थापायचे. सासूबाई म्हणायच्या, "जाय व माय, दिवसच तर काढाचा आहे." आणि मी मान डोलवायचे, कुणाला शंका येऊ नये म्हणून.

त्या वर्षीही हस्त कोरडा गेला. दर बारीला गेलं की आधीचं बुच उघडं पडलेलं असायचं, ओल्या काळ्या लाकडावर ऊन पडलेलं. पाणी उतरत होतं आणि धान नुकताच निसवायला लागला होता. गावात दुसरा विषय नव्हता. म्हातारे "पडल्या स्वाती तर पिकतील मोती" म्हणत आभाळाकडे बोट दाखवायचे, तरुण त्यांच्यावर चिडायचे. स्वातीला अजून अवकाश होता. मग एके सकाळी शेवटच्या आधीचं बुचही उघडं पडलं, आणि त्या दिवशी बारी गोपाळाभाऊंची होती. गोपाळाभाऊ गावातले वजनदार, त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, नहरेच्या अगदी तोंडाशी. त्यांनी आमच्या घरी निरोप धाडला की मला काम निघालं, आज तुमची सून बसू द्या.

का ते मला पाळीवर बसल्यावर कळलं. तळचं बुच काढायचं होतं, आणि त्याला हो म्हटल्याचा बोल त्यांना स्वतःच्या अंगावर घ्यायचा नव्हता. त्यांचा हिशेब साधा होता. सून लहान वयाची, नवरा बिमार, हिच्या घरच्या बांध्या नहरेच्या शेपटीला, सगळ्यात जास्त तहानलेल्या. ही नाही कशी म्हणेल? ऊन वर यायच्या आत पाच-सहा जण पाळीवर जमले. गोपाळाभाऊ माझ्याशी कधी नव्हे इतक्या मायेनं बोलले. "बाई, तू हो म्हन फक्त. बाकी आमी पाहून घेतो. स्वाती पडलीच पाहिजे, तलाव फिरून भरते." सगळे माझ्याकडे पाहत होते. हो अगदी माझ्या जिभेवर आलं होतं, कारण इतक्या मोठ्या माणसांसमोर दुसरा शब्द मला येतच नव्हता. पण बाहेर पडलं ते वेगळंच. मी म्हणाले, "मले बसू द्या. सांजेले सांगते."

ते गेले. दुपारी कौसल्या आली. आमची आणि तिची बांधी लागून, मध्ये एकच मातीचा धुरा. माझ्याच वयाची, माझी एकुलती एक मैत्रीण. तिनं येताना तिच्या बांधीतली एक लोंबी तोडून आणली होती. ती माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "दाब." मी दाणा दाबला. दूध यायला हवं होतं, नुसतं टरफल चपटं झालं. "तुह्यीही अशीच आहे, मी पाहून आली. तू हो म्हनजो." ती बसली नाही. राखणदाराजवळ कुणी बसत नाही.

मग मी होते आणि तलाव. कुणी म्हणेल, मला तिथे काही साक्षात्कार झाला. छे. मी घाबरून बसले होते. ह्यांचा चेहरा, लेकीचं ताट, सासूबाईंचा शब्द, सगळा बाजार पुन्हा भरला होता आणि आज तो उठायला तयार नव्हता. मी नुसती पाण्याच्या कडेकडे पाहत राहिले. सकाळी जिथे पाणी होतं तिथे दुपारी ओला चिखल होता, आणि सकाळच्या चिखलावर भेगा धरू लागल्या होत्या. कुणी बुच काढलं नव्हतं. ऊन एकटंच पीत होतं. आणि मग माझी ती जन्मजात खोड जागी झाली, जिची घरी सगळे थट्टा करायचे. बाकीचे स्वातीपर्यंतची काळजी करत होते. मी मृगापर्यंतची करायला लागले. दिवाळी, संक्रांत, शिमगा, चैत्र, वैशाख. ह्या उन्हाला एवढं पाणी लागतं, तर वैशाखातल्या उन्हाला किती लागेल? विहिरीतली बादली खरवडून चिखल आणेल. म्हशी जीभ काढून उभ्या राहतील. वाघ पाण्यासाठी कुठे जाईल? आमच्या गोठ्यामागच्या टाक्यावर, दुसरीकडे कुठे? मी एक एक महिना पुढे जात होते आणि प्रत्येक महिन्यात मला जास्त भीती वाटत होती.

आणि तरी धान डोळ्यांसमोर होता. तो काही चैत्रात नव्हता, आत्ता होता, पाळीवरून दिसत होता, पिवळट पडत चाललेला. वैशाखाची तहान फक्त माझ्या डोक्यात होती. स्वाती पडली असती तर मी गावभर वेडी ठरले असते.

सांजेला ते परत आले. मी म्हणाले, "नाई."

"इचार केला का व?" गोपाळाभाऊंनी विचारलं.

"केला."

"कोणाले पुसून?"

"कोणालेच नाई."

ते पाळ उतरून निघाले. तिथे बसलेल्याचा शब्द मोडता येत नव्हता. तो नियम त्यांच्याच आजा-पणज्यांनी केलेला, आणि खालच्या बुचापर्यंत वेळच कधी आली नसल्यानं तो कुणाला आजवर टोचला नव्हता. दुसऱ्या दिवशीचा राखणदार हो म्हणू शकला असता. पण एकीनं नाही म्हटल्यावर हो म्हणायला पुढे कुणी आलं नाही. प्रत्येकाला दुसऱ्यानं म्हणायला हवं होतं. बुच तसंच राहिलं.

मी एकटीच घरी आले. घरी माझ्या आधी बातमी पोचली होती. सासूबाई चुलीसमोर होत्या, त्यांनी मागे पाहिलं नाही. हे खाटेवर पडले होते, जागे होते. मी जवळ जाऊन कपाळाला हात लावला. ताप नव्हता. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या विषयावर ते त्या दिवशी बोलले नाहीत, आणि नंतरही कधी बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. मी त्या भांडणाची सगळी उत्तरं तयार करून ठेवली होती, अजून आहेत.

स्वाती पडली नाही. शेपटीच्या बांध्या फोल गेल्या, आमची, कौसल्याची, आणखी काहींची. त्या वर्षी आमच्या घरात तांदूळ विकत आला. धानाच्या गावात विकतचा तांदूळ आणताना लोक पिशवी पदराखाली धरतात, सासूबाईंनीही धरली. कौसल्या बोलायची बंद झाली. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत ती मला समोरून येताना दिसली, आणि बांगड्यांच्या दुकानाकडे वळली. मी वैनगंगेत उतरले तर पाणी घोट्याएवढं. पलीकडे बाया वाळूत खड्डे करून झिऱ्याचं पाणी गडव्यात भरत होत्या. देवाला पाणी वाहायला मी ओंजळ भरली आणि मला ती ओतवेना. मागची बाई म्हणाली, "सोड न व, गर्दी आहे." मी सोडली.

वैशाखात तलावात गढूळ का होईना पाणी होतं. विहिरी खोल गेल्या, पण आटल्या नाहीत. आजूबाजूच्या गावांतली ढोरं आमच्याकडे यायला लागली. एका सकाळी मी आमची गाय घेऊन गेले, तर पलीकडच्या काठाला कौसल्या म्हैस घेऊन उभी. म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात बसली. आमच्या दोघींमध्ये तेवढंच काय ते पाणी होतं. ती म्हणाली, "आहे अजून पाणी." मी म्हणाले, "हो, आहे." मग ती म्हैस बाहेर काढायला वळली. मी पुष्कळ वर्षं त्या दोन वाक्यांचा अर्थ लावत बसले.

वाचवलेल्या पाण्याचं हे असंच असतं. वाया गेलेला धान सगळ्यांना दिसतो, खळ्यावर त्याचा ढीग पडतो, वाऱ्यानं उडतो. वाचलेलं पाणी कुणाला दाखवणार? जे घडलं नाही त्याचा पुरावा नसतो. वाघ गोठ्यामागे आला नाही, विहीर आटली नाही, म्हैस मेली नाही. कुणी म्हणेल, ती तशीही मेली नसती. मीसुद्धा कितीदा म्हटलंय, जेवताना, झोप येत नसताना. मी बरोबर होते का? मला माहीत नाही. इतकंच माहीत आहे की ते नाही माझं होतं. उभ्या जन्मात इतकं पूर्णपणे माझं असं मी दुसरं काही बोलले नाही, आणि ते बोलता आलं ते दिवसभर मला एकटीला बसू दिलं म्हणून.

म्हणून आज सकाळी प्रणिताचा प्रश्न ऐकून मी अवघडले. माझ्या तोंडात नाही तयार होतं. सोपं होतं किती! पण मी सांगितलं असतं तर पाळीवर ती बसली नसती, मी बसले असते. आणि तलाव आता तो तलावही राहिला नाही. गाळानं भरत आलाय, काठानं बेशरमाची झुडपं माजलीत, नाल्याकडच्या बोअरवेल खालून ओढतात ते वेगळंच. तळाशी मुळात किती उरलंय, ते तिला डोळ्यांनी दिसतंय, मला नाही. मी म्हणाले, "मी नाई सांगत. तुह्यी बारी आहे. फोन बंद करून पिशवीत टाक अन् बस."

"काकू, तुम्ही तं सांगू शकता न." तिनं विनवलं. "घरचे म्हणून राह्यले, धान गेला तं वर्षभर काय खाचं. मामाजी तं काही बोलतच नाई." मामाजी म्हणजे तिचे सासरे, वसंतभाऊजी.

"बस तू. सांजेले फोन कर."

तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला असावा. मग दिवसभर मी ह्या घरात फेऱ्या मारते आहे. हातात फोन असला की आता कुणी एकटं बसत नाही. पाळीवर बसलं तरी सगळं गाव मुठीत असतं, प्रत्येक जण आपलं मत आत ढकलतो. ती फोन बंद ठेवेल का? तिचा नवरा जाऊन बसेल का तिच्याजवळ? ती हो म्हणेल, आणि मला तिचा राग येईल. ती नाही म्हणेल, आणि तिच्या घरात विकतचा तांदूळ येईल, आणि तो माझ्यामुळे आला असं मला मरेपर्यंत वाटेल. माझ्याच हिश्शाची जमीन आहे ती. दुपारी शबानाभाभी काजाबटण घेऊन खाली आल्या. मला पाहून म्हणाल्या, "दीदी, फोन को ऐसे क्या घूर रहे हो? वो अपने आप थोड़ी बजेगा." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवून ऐकलं, आणि म्हणाल्या, "मेरे से तो नहीं होता बाबा. मैं तो हाँ बोल देती." मग सुई पुन्हा चालवत, "उसको अकेला काहे को छोड़ा आपने?" दिवसभर तेच तर मीही स्वतःला विचारत होते.

ऊन उतरलं. ह्यांनी टीव्हीवर बातम्या लावल्या. दिवेलागणीला फोन वाजला.

"काकू." मागे गुरांच्या घंटा वाजत होत्या, ढोरं परतत होती. "मी नाई म्हनलं."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी जिथे होते तिथेच खाली बसले. स्पीकर कसा लागला कोण जाणे, तिचा आवाज घरभर ऐकू येत होता.

"सगळे गेले आता. कोणीच काही बोललं नाई. हे पन न बोलता निघून गेले." मागच्या घंटा दूर गेल्या. "काकू, आता मी घरी कशी जाऊ?"

एवढ्या वर्षांत किती गोष्टींची उत्तरं मी तयार करून ठेवली होती, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता. मी म्हणाले, "फोन बंद करू नको. काही बोलू नको. तसाच चालू ठेव अन् चाल. मी आहे."

ती चालू लागली. चपलांखाली वाळकी पानं मोडल्याचा आवाज येत होता, मध्येच नाक ओढल्याचा. टीव्हीवर कुणीतरी ओरडून काही सांगत होतं. मग ते एकदम थांबलं. मी मान वर केली तर ह्यांनी टीव्ही बंद केला होता. ते खुर्चीतून उठले, गुडघ्यावर हात टेकत माझ्याशेजारी फरशीवर बसले, आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहत राहिले. पावलांचा आवाज येतच होता.

"बरोबर केलं म्हनावं तिले," हे म्हणाले.

पाळ उतरली की गाव येईपर्यंत रेंज नसते, आणि पावलांचा आवाज तेवढ्यातच तुटला. तिला ते ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. मी मात्र ऐकलं.